सर्कलमधून तासाला किती वाहनं जाऊ शकतात? कोल्हापूरच्या चौकांच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकात कोंडी झाली की आपल्याकडे लगेच दोन मागण्या पुढे येतात: सर्कल काढून सिग्नल बसवा, नाहीतर उड्डाणपूल बांधा. त्याआधी विचारायला हवा असा साधा प्रश्न म्हणजे, या सर्कलमधून किती वाहतूक जाऊ शकते आणि आत्ता किती जाते आहे? याचं उत्तर कागद, पेन्सिल आणि एका संध्याकाळच्या नीट मोजणीतून मिळतं. सिव्हिलचे विद्यार्थी, तालीम-मंडळांचे कार्यकर्ते, चौकातले दुकानदार आणि नगरसेवक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडेमोड मुद्दाम पूर्ण दाखवली आहे, म्हणजे कोणालाही ती तपासता येईल.

सर्कलची क्षमता म्हणजे नेमकं काय मोजायचं?

अख्ख्या चौकाचा एक आकडा काढायचा नाही. प्रत्येक बाजूच्या प्रवेशाची क्षमता वेगळी काढायची. एखाद्या प्रवेशावर सतत रांग उभी आहे असं धरलं, तर तिथून तासाभरात जास्तीत जास्त किती वाहनं आत शिरू शकतील, ती त्या प्रवेशाची क्षमता. ती दोन गोष्टींवर ठरते: प्रवेशाची आखणी कशी आहे आणि त्याच्या तोंडासमोरून किती वाहनं फिरत आहेत. या दुसऱ्या आकड्याला पुढे सगळीकडे ‘फिरता प्रवाह’ म्हटलं आहे.

हे लक्षात आलं की कोंडीकडे बघण्याची पद्धत बदलते. ज्या रस्त्यावर रांग लागते, त्या रस्त्यावरची वाहनं वाढलेलीच नसतील. दुसऱ्याच बाजूने येऊन त्याच्या तोंडासमोरून जाणारी वाहनं वाढली असतील. कावळा नाक्यावर स्टेशनकडून येणाऱ्याला थांबावं लागलं, तर कारण तावडे हॉटेलकडून येणाऱ्या वाहतुकीत असू शकतं. म्हणून फक्त रांग असलेल्या रस्त्यावर मोजणी करून काही कळत नाही.

मग ‘सर्कलला ३००० गाड्यांपर्यंत चालतं’ असं का सांगतात?

हा आकडा इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:६५-१९७६ या मार्गदर्शिकेतून आला आहे. सगळ्या बाजूंनी मिळून तासाला सुमारे ३००० वाहनं ही सर्कलची वरची मर्यादा आणि ५०० च्या खाली सर्कलची गरज नाही, असा तो अंदाज होता. प्राथमिक चाळणी म्हणून ठीक आहे. पण एकूण ३००० वाहनं चारही बाजूंनी सारखी आली तर एक चित्र दिसतं आणि त्यातली निम्मी एकाच बाजूने येऊन उजवीकडे वळली तर वेगळंच. मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती २०१७ साली आली. त्याच वर्षी सीएसआयआर-सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची पुस्तिका, म्हणजे इंडो-एचसीएम, प्रसिद्ध केली. आजच्या कामाला या दोन्ही हाताशी हव्यात. १९७६ चा एकच आकडा सभेत फेकून निर्णय घेणं चौकावर अन्याय करणारं आहे.

आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, या नियमाचा क्षमतेशी काय संबंध?

क्षमतेचा सगळा हिशेबच या नियमावर उभा आहे. बाहेरून येणारा आत घुसत राहिला तर आतला अडकतो. आतला अडकला की त्याच्या मागे ज्याला बाहेर पडायचं आहे तोही अडकतो, आणि काही क्षणांत अख्खं वर्तुळ गच्च होतं. मग कोणीच हलत नाही, रस्ता कितीही रुंद असो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर वाहनं वाढली तेव्हा मोठमोठी सर्कलं अशीच गोठायची. तिथल्या संशोधन प्रयोगशाळेतल्या फ्रँक ब्लॅकमोर यांनी आतल्याला अग्रक्रम देण्याचे प्रयोग केले आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये तो देशभराचा नियम झाला. त्यानंतर लहान सर्कलंही भरपूर वाहतूक पेलू लागली.

आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे सर्कलभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो आणि आत फिरणारा नेहमी आपल्या उजव्या हाताने येतो. चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची हे आपल्या १९८९ च्या वाहतूक नियमांतही होतं. नियम जुनाच आहे, सवय लागायची राहिली आहे. खाली दिलेली सगळी सूत्रं ती सवय आहे असं धरून चालतात. जिथे नाही, तिथे उत्तर कागदावर चांगलं आणि चौकात वाईट येतं.

मोजणी कशी करायची?

यात घाई करू नये. इथे चुकलं तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

प्रत्येक बाजूने आलेलं वाहन कुठल्या बाजूने बाहेर पडलं, हे नोंदवायचं. नुसतं ‘या रस्त्याने ६०० आले’ हे पुरत नाही, कारण फिरता प्रवाह वळणांवरून निघतो. चार बाजूंच्या चौकात डावीकडे, सरळ आणि उजवीकडे अशा बारा हालचाली होतात. त्यात चार यू-टर्न मिळवा. यू-टर्न सोडून देण्याची चूक फार होते. सर्कलकडे येणाऱ्या रस्त्यांना मध्ये दुभाजक असला की पलीकडच्या दुकानात जाणाराही सर्कलला वळसा घालून येतो, आणि असं प्रत्येक वाहन उरलेल्या तिन्ही प्रवेशांसमोरून जातं.

वाहनांचे प्रकार वेगळे लिहायचे: दुचाकी, कार, रिक्षा, वडापच्या जीप, टेम्पो, केएमटी आणि एसटीच्या बस, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, सायकल. नोंद पंधरा-पंधरा मिनिटांची ठेवायची, कारण तासाच्या आत एखादा पाव तास फार जड असतो. शाळा-कॉलेज सुटण्याची आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या पाळ्या बदलण्याची वेळ एकत्र आली की हा पाव तास सापडतो.

उभं राहून कागदावर सोळा हालचाली टिपणं एका माणसाला जमत नाही. चौकातल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर परवानगी घेऊन मोबाइल तिवईवर लावावा आणि नंतर घरी बसून चित्रफीत पुन्हा पुन्हा बघून मोजावं. दिवस साधा निवडावा: मंगळवार ते गुरुवार, सण नाही, पाऊस नाही.

शेवटी प्रत्येक प्रकाराला पीसीयू, म्हणजे कारच्या तुलनेतलं वजन लावायचं. जुन्या आयआरसी:६५ मध्ये कार, रिक्षा आणि हलकी मालवाहू वाहनं १, बस-ट्रक २.८, दुचाकी ०.७५ आणि सायकल ०.५ अशी वजनं होती.

फिरता प्रवाह कसा काढायचा?

तुम्ही प्रवेशावर उभे आहात असं समजा. तुमच्या उजव्या हाताच्या बाजूने आत येणाऱ्यांपैकी सरळ आणि उजवीकडे जाणारे तुमच्या समोरून जातात. समोरच्या बाजूने येणाऱ्यांपैकी फक्त उजवीकडे वळणारे जातात. या तिघांची बेरीज आणि यू-टर्न मिळून फिरता प्रवाह होतो.

एक काल्पनिक चौक घेऊ. आकडे तासाचे, पीसीयूमध्ये, आणि गणित सोपं राहावं म्हणून यू-टर्न शून्य धरले आहेत.

उत्तरेकडून येणारे: डावीकडे १२०, सरळ ३५०, उजवीकडे १३०, एकूण ६००.
पूर्वेकडून: १५०, ४००, १००, एकूण ६५०.
दक्षिणेकडून: १००, ३००, १५०, एकूण ५५०.
पश्चिमेकडून: ९०, ३८०, १३०, एकूण ६००.

चौकात मिळून २४०० येतात. उत्तरेच्या प्रवेशावर उभं राहिल्यावर उजवा हात पश्चिमेकडे असतो. म्हणून पश्चिमेचे सरळ ३८०, पश्चिमेचे उजवीकडे १३० आणि समोरच्या दक्षिणेचे उजवीकडे १५०, मिळून ६६०. याच रीतीने पूर्वेसमोर ६१०, दक्षिणेसमोर ६३० आणि पश्चिमेसमोर ५५० येतात. एकदा स्वतः करून बघा, हात बसतो.

आता क्षमतेचं सूत्र कोणतं लावायचं?

एकेरी लेनच्या सर्कलसाठी अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या २०१६ च्या आवृत्तीतलं सूत्र शिकायला सोपं आहे: २.७१८ या संख्येचा (−०.००१०२ × फिरता प्रवाह) इतका घात काढायचा आणि त्याला १३८० ने गुणायचं. फिरता प्रवाह शून्य असेल तर क्षमता १३८०, आणि तो वाढेल तशी ती झपाट्याने उतरते.

आपल्या चौकात उत्तरेची क्षमता ७०४, पूर्वेची ७४१, दक्षिणेची ७२६ आणि पश्चिमेची ७८७ येते. येणाऱ्या वाहतुकीला क्षमतेने भागलं की उत्तर ०.८५, पूर्व ०.८८, दक्षिण ०.७६ आणि पश्चिम ०.७६. म्हणजे पूर्वेची बाजू सगळ्यात ताणलेली. पूर्व आणि पश्चिम या रस्त्यांवर जवळपास सारखीच वाहनं आहेत, तरी पूर्वेला त्रास जास्त.

इंडो-एचसीएमची पद्धतही याच कुळातली आहे. त्यातले गुणांक आपल्या मिश्र वाहतुकीवरून काढलेले आहेत. प्रत्यक्ष प्रकल्पाच्या अहवालात ते वापरावेत. इथे अमेरिकी सूत्र फक्त कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून घेतलं आहे.

०.८८ म्हणजे अजून बारा टक्के जागा शिल्लक आहे, मग काळजी कशाची?

वाहनं घड्याळ लावून येत नाहीत. कधी एकदम दहा येतात, कधी मिनिटभर कोणीच नाही. त्यामुळे गुणोत्तर १ च्या जवळ गेलं की रांग फार लवकर वाढते आणि उतरायला वेळ घेते. म्हणून आखणी करताना साधारण ०.८५ ही मर्यादा मानतात.

त्याच अमेरिकी पुस्तिकेचं विलंबाचं सूत्र लावलं तर पूर्वेच्या वाहनाला आज सरासरी ३३ सेकंद थांबावं लागतं. आता चारही बाजूंची वाहतूक फक्त दहा टक्क्यांनी वाढली असं समजा. पूर्वेचे ६५० चे ७१५ झाले, आणि समोरचा फिरता प्रवाहही ६७१ झाल्याने क्षमता ७४१ वरून ६९६ वर आली. गुणोत्तर १.०३. सरासरी थांबणं सुमारे ६५ सेकंद. वाहतूक दहा टक्के वाढली आणि त्रास दुप्पट झाला. ‘परवापर्यंत बरं चाललं होतं, अचानक काय झालं’ असं लोक म्हणतात, ते अगदी खरं असतं.

आमच्या पाठ्यपुस्तकात वीव्हिंगचं सूत्र आहे. ते चूक आहे का?

चूक नाही, वेगळ्या काळाचं आहे. जॉन वॉर्डरॉप यांनी १९५७ साली ते मांडलं, म्हणजे ब्रिटनमध्ये आतल्याला अग्रक्रम मिळण्याआधी. तेव्हा लांबलचक सर्कलांमध्ये आत येणारे आणि बाहेर जाणारे एकमेकांना तिरपे छेदत जात, यालाच वीव्हिंग म्हणतात. तो छेदण्याचा पट्टा किती वाहतूक पेलेल, एवढंच हे सूत्र सांगतं. आयआरसी:६५-१९७६ ने ते घेतलं आणि तिथून ते आपल्या अभ्यासक्रमात आलं.

सूत्र असं: २८० × पट्ट्याची रुंदी × (१ + प्रवेशाची सरासरी रुंदी ÷ पट्ट्याची रुंदी) × (१ − छेदणाऱ्यांचं प्रमाण ÷ ३), आणि या सगळ्याला (१ + पट्ट्याची रुंदी ÷ पट्ट्याची लांबी) ने भागायचं. पट्ट्याची रुंदी ६ ते १८ मीटर आणि लांबी १८ ते ९० मीटर असेल तरच ते लावायचं, ही अट परीक्षेत विसरली जाते.

आपल्याच चौकाचा उत्तर ते पूर्व हा पट्टा घ्या. प्रवेशाची सरासरी रुंदी ५ मीटर, पट्टा ८.५ मीटर रुंद आणि ३४ मीटर लांब. त्यातून १२६० पीसीयू जातात. त्यातले उत्तरेकडून येऊन पूर्वेला न वळणारे ४८० आणि पूर्वेला बाहेर पडणारे फिरते ५३० एकमेकांना छेदतात, म्हणजे प्रमाण ०.८. क्षमता येते सुमारे २२१६ आणि गुणोत्तर ०.५७. गॅपच्या पद्धतीने, म्हणजे वाहनांमधल्या फटींवर बेतलेल्या वरच्या अमेरिकी सूत्राने, त्याच उत्तरेच्या प्रवेशाचं गुणोत्तर ०.८५ होतं. एक पद्धत म्हणते निवांत, दुसरी म्हणते मर्यादेवर. परीक्षेत जे सूत्र विचारलं ते लिहा, पण चौकाच्या अहवालात फक्त जुनं सूत्र लावून ‘क्षमता मुबलक आहे’ असं लिहू नका.

उसाच्या हंगामात वेगळं गणित करायचं का?

हो, आणि कोल्हापुरात तरी ते टाळता येणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या आयआरसी:६४-१९९० मध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन ४.५ पीसीयू धरलं आहे. सर्कलमध्ये ती जागेवरून उठायला आणि वळायला जो वेळ घेते तो बघता हे वजन कमीच वाटतं, पण तेच घेऊ.

आपल्या चौकात पश्चिमेकडून पूर्वेकडे तासाला ३० ट्रॉल्या वाढल्या. म्हणजे १३५ पीसीयू. उत्तरेसमोरचा फिरता प्रवाह ६६० वरून ७९५ झाला, क्षमता ७०४ वरून ६१३ वर आली, गुणोत्तर ०.९८. उत्तरेच्या रस्त्यावर एकही वाहन वाढलेलं नाही, तरी तिथे रांग लागली. तिथले रहिवासी ‘आमच्या रस्त्याला काहीतरी करा’ म्हणून निवेदन देणार, आणि करायला हवं पश्चिमेच्या रस्त्यावर: गर्दीच्या दोन तासांत ट्रॉल्या बाहेरच्या मार्गाने वळवायच्या किंवा वेळ बदलायची. जूनमध्ये केलेल्या मोजणीत हे दिसणारच नाही. शक्य असेल तर एक मोजणी हंगामात आणि एक हंगामाबाहेर करा.

दुचाकी एवढ्या असताना हे कारचे हिशेब लागू पडतात का?

थेट पडत नाहीत. दुचाकीचं वजन ०.७५ धरलं तर हजार दुचाकींचे ७५० पीसीयू होतात, ०.५ धरलं तर ५००. अडीचशेचा फरक म्हणजे वरच्या उदाहरणात एक बाजू पास की नापास हे ठरवणारा आकडा. म्हणून अहवालात कोणतं वजन, कोणत्या मार्गदर्शिकेतून घेतलं हे स्पष्ट लिहावं, आणि क्षमतेचं सूत्र ज्या वजनांवर बेतलं आहे तीच वजनं मोजणीला लावावीत. एका पुस्तकातलं सूत्र आणि दुसऱ्यातली वजनं अशी सरमिसळ फार अहवालांत होते.

शिवाय दुचाकी रांगेत उभी राहत नाही. दोन कारच्या मधून पुढे येते आणि तीन-चार जणी एकाच फटीतून आत शिरतात. त्यामुळे आपल्या चौकांत एका फटीत जाणारी संख्या परदेशी पुस्तकापेक्षा जास्त असते.

‘गॅप’ म्हणजे काय आणि तो मोजायचा कसा?

फिरणाऱ्या दोन वाहनांमधली सेकंदातली फट म्हणजे गॅप. साधारण वाहनचालक ज्याहून लहान फट सोडून देतो आणि मोठी फट घेतो, ती सीमा म्हणजे क्रिटिकल गॅप. मोठी फट मिळाल्यावर रांगेतली वाहनं एकामागून एक किती सेकंदांनी शिरतात, तो फॉलो-अप. वरच्या १३८० मागे फॉलो-अप २.६ सेकंद आहे, आणि ०.००१०२ मागे क्रिटिकल गॅप साधारण ५ सेकंद.

हे आकडे किती नाजूक आहेत बघा. क्रिटिकल गॅप ५ ऐवजी ४ सेकंद धरला तर उत्तरेची क्षमता ७०४ वरून ८४१ होते. एका सेकंदात जवळपास वीस टक्के. परदेशी आकडा डोळे मिटून घेतला की काय होतं ते यातून दिसतं.

मोजण्याची जुनी रीत रॅफ यांची: घेतलेल्या फटी आणि सोडलेल्या फटी यांचे दोन आलेख काढायचे, ते जिथे छेदतात तो क्रिटिकल गॅप. आपल्याकडे अडचण अशी की बरेच चालक फट मिळायची वाट न बघता पुढचं चाक आत घालून फट तयार करतात, आणि फिरणाऱ्याला ब्रेक लावावा लागतो. अशी नोंद ‘घेतलेली फट’ म्हणून धरली तर क्रिटिकल गॅप खोटाच लहान येतो आणि कागदावर क्षमता वाढते. चित्रफितीत फिरणाऱ्याचा वेग कमी झाला का ते बघून या नोंदी वेगळ्या काढा.

क्षमता वाढवायची तर सर्कल मोठं करावं लागेल. मग पुतळा हलवायचा का?

कोल्हापुरात हा प्रश्न फार मनापासून विचारला जातो आणि ते साहजिकच आहे. कावळा नाक्याची ताराराणी किंवा दसरा चौकातले शाहू महाराज ही या शहराची ओळख आहे. हिशेब बघितला तर उत्तर दिलासा देणारं आहे: क्षमतेसाठी पुतळ्याला हात लावायची गरज बहुधा पडत नाही.

ब्रिटनमध्ये किम्बर यांनी १९८० साली प्रत्यक्ष सर्कलांवरच्या मोजणीतून सूत्र काढलं. त्यात सर्वात वजनदार घटक निघाला प्रवेशाची रुंदी. प्रभावी रुंदीच्या (मागचा रस्ता आणि प्रवेशाचं तोंड यांच्या रुंदीवरून काढलेल्या) दर मीटरमागे सुरुवातीची, म्हणजे फिरता प्रवाह शून्य असतानाची, क्षमता ३०३ पीसीयूने वाढते. वर्तुळाच्या व्यासाचा परिणाम त्यामानाने किरकोळ.

उदाहरण आपल्याच उत्तरेच्या प्रवेशाचं, फिरता प्रवाह ६६०. रस्त्याची येणारी बाजू ३.५ मीटर, प्रवेशही ३.५ मीटर, बाहेरचा व्यास ४० मीटर, प्रवेशाचा कोन आणि वळणाची त्रिज्या सूत्राच्या प्रमाणित मापाची. क्षमता येते ७२१. अमेरिकी सूत्राच्या ७०४ शी ती चांगली जुळते. आता व्यास ४० चा ५० मीटर केला, म्हणजे चारही बाजूंची जागा घेतली, दुकानं हलवली. क्षमता ७३९. एवढ्या खटाटोपाने अठरा पीसीयू मिळाले. त्याऐवजी व्यास ४० च ठेवला आणि शेवटच्या २० मीटरमध्ये प्रवेश ३.५ वरून ७ मीटरपर्यंत रुंद करत नेला. क्षमता १३११.

प्रत्यक्षात इतकी वाढ आपल्याकडे मिळेलच असं नाही. दोन वाहनं शेजारी-शेजारी आत शिरायची तर आतल्या रस्त्यालाही तेवढी रुंदी हवी आणि चालकांनी दोन्ही लेन वापरायला हव्यात. पण दिशा स्पष्ट आहे. पुतळा आणि त्याभोवतीची बाग आहे तिथे राहू द्या, आणि प्रवेशाच्या तोंडाचे शेवटचे वीस मीटर मोकळे करा. बहुतेक चौकांत ते आत्ताही रुंदच आहेत, फक्त तिथे पार्किंग, हातगाड्या आणि थांबलेल्या रिक्षा आहेत. त्यांना दुसरी सोयीची जागा देऊन हे करता येतं.

फ्री लेफ्टचा उपयोग होतो का?

होतो, डावीकडे वळणारे भरपूर असतील तर. आपल्या चौकात पूर्वेचे १५० जण वेगळ्या पट्ट्यातून गेले तर प्रवेशावर ५०० उरतात आणि गुणोत्तर ०.८८ वरून ०.६७ वर येतं. पट्टा रांगेच्या मागून सुरू व्हायला हवा. रांगेतल्या दुसऱ्या कारने तोंड अडवलं तर तो नुसताच रंगवलेला राहतो. आणि चालणाऱ्यांना तो ओलांडताना जपावं लागतं.

तिकटीला हीच पद्धत चालते का?

चालते. बाजू कमी, हालचाली कमी, एवढाच फरक. पाच-सहा रस्ते मिळतात तिथे मात्र बाजूंमधलं अंतर इतकं कमी असतं की बाहेर पडणारा कोण आणि पुढे जाणारा कोण हे प्रवेशावरच्या चालकाला ओळखू येत नाही. इंडिकेटर न देणाऱ्यामुळे चांगल्या फटी वाया जातात.

चालणारे लोक, बसथांबे यांचा हिशेब कुठे येतो?

सूत्रात जवळजवळ कुठेच नाही, आणि चौकात सगळीकडे. बाहेर पडण्याच्या तोंडाशी केएमटी थांबली, वडापने प्रवासी घेतले किंवा माणसांचा घोळका रस्ता ओलांडू लागला, की बाहेर जाणारं वाहन सर्कलच्या आत थांबतं. त्याच्या मागचा प्रवेश बंद होतो, मग त्याच्या मागचा. अशा वेळी प्रवेशाची क्षमता काढणं निरर्थक असतं, कारण अडथळा बाहेर पडताना आहे. थांबा बाहेर पडण्याच्या तोंडापासून लांब नेणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सगळ्यात आधी करून बघावा. चालणाऱ्यांची वाट वर्तुळाच्या काठावर न ठेवता एक-दोन कारच्या लांबीइतकी मागे घेतली आणि मध्ये उभं राहायला बेट दिलं, तर त्यांना एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघावी लागतात.

सर्कल आणि सिग्नल दोन्ही असतील तर?

मग वरचं गॅपचं गणित सोडून द्या. सिग्नल असताना क्षमता हिरव्या वेळेवर ठरते. आयआरसीच्या पद्धतीत रुंद प्रवेशासाठी संपृक्त प्रवाह, म्हणजे दिवा तासभर हिरवाच राहिला तर जाऊ शकणारी वाहतूक, रुंदीच्या मीटरला ५२५ पीसीयू धरतात आणि त्याला हिरव्या वेळेच्या प्रमाणाने गुणतात. लहान सर्कलवर सिग्नल लावला की आत थांबायला जागा कमी पडते, हे वेगळं तपासावं लागतं. सकाळ-संध्याकाळ सिग्नल आणि दुपारी पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर दोन्ही हिशेब वेगवेगळे करायचे.

नवरात्र, शाही दसरा, जोतिबाची यात्रा यांच्यासाठी आखणी करायची का?

कायमच्या बांधकामासाठी नाही. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी नवरात्रातली गर्दी किंवा विजयादशमीला दसरा चौकात जमणारा जनसागर एखाद्या सूत्रात बसवून रस्ता रुंद करणं योग्य नाही. त्या दिवसांसाठी मार्ग बदलणं, बाहेर पार्किंग करून बस सोडणं हेच खरं काम. सुट्टीच्या दिवशीची देवदर्शनाची वाहतूक मात्र वर्षभर येते. जुन्या गावातल्या चौकांसाठी रविवारची एक मोजणी जरूर ठेवा.

यासाठी सॉफ्टवेअर लागतं का?

एका चौकाला स्प्रेडशीट पुरते. सिड्रा, आर्केडी ही परदेशात वापरली जाणारी साधनं आहेत. आर्केडी किम्बर यांच्या सूत्रावर चालतं. व्हिसिमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चौकाचं चलचित्र दिसतं आणि सभेत त्याचा प्रभाव पडतो. पण चालकांचं वागणं आपल्या मोजणीशी जुळवून घेतलं नसेल, तर त्या चित्रातली वाहनं कोल्हापूरची नसतात.

सूत्राशिवाय, थेट चौकातच क्षमता मोजता येते का?

येते, आणि रोज कोंडी होत असेल तर तोच सगळ्यात विश्वासाचा मार्ग आहे. गर्दीच्या वेळी एका प्रवेशाची चित्रफीत घ्या. प्रत्येक मिनिटाचे दोन आकडे लिहा: किती वाहनं आत शिरली आणि किती समोरून फिरत गेली. फक्त तीच मिनिटं ठेवा ज्यांत पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत रांग उभी होती. रांग तुटली ते मिनिट वगळा, कारण तेव्हा आकडा क्षमतेचा नसून मागणीचा असतो. बाहेर पडण्याचं तोंड अडलेलं मिनिटही वगळा. दोन्ही आकडे पीसीयूत करून ६० ने गुणा आणि आलेखावर टिंबं टाका. टिंबं विखुरलेली दिसतील, तरी फिरता प्रवाह वाढेल तशी उतरणारी रेघ त्यांतून काढता येते.

किम्बर यांचं सूत्र अशाच मोजणीतून उभं राहिलं. तुमची रेघ इंडो-एचसीएमच्या वक्राशेजारी ठेवून बघा. ती खाली असेल तर प्रवेशाच्या तोंडाशी काय उभं आहे ते आधी पाहा. वर असेल तर दुचाकींचं वजन आणि जबरदस्तीने शिरणाऱ्यांच्या नोंदी पुन्हा तपासा.